जिनिव्हाचा करार आणि निपाणीची वखार

जागतिक संघटनांनी वर्षाच्या पंचांगात आता इतके दिवस नेमून ठेवले आहेत, की आपल्या जुन्या व्रतवैकल्यांनाही मागे सरावे लागावे. त्यांतील दोन दिवस विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन आणि १७ ऑक्टोबर हा दारिद्र्यनिर्मूलन दिन. या दोन दिवसांमध्ये साडेचार महिन्यांचे अंतर आहे. ते साजरे करणाऱ्या माणसांमधले अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे. पहिल्या दिवशी आरोग्यखात्याची मंडळी फुप्फुसांची चित्रे दाखवितात. दुसऱ्या दिवशी अर्थशास्त्री टक्केवारीचे आलेख दाखवितात. या दोन दिवसांची गाठ जेथे रोज पडते, असे एक गाव मात्र आपल्या घाटमाथ्यापलीकडे उभे आहे. त्या गावाचे नाव निपाणी.

किनाऱ्यावरच्या माणसाला निपाणी परकी नाही. देवगडचा रस्ता फोंडा घाट चढून राधानगरीवरून थेट तेथेच जातो, आणि आपल्याकडची मासळी व आंबा ज्या वाटेने वर जातात, त्याच वाटेने तिकडची तंबाखू खाली येते. पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे गाव अलीकडेपर्यंत चिकोडी तालुक्यात मोडत होते. आता तो स्वतंत्र तालुका झाला आहे. भोवतालच्या जमिनीत विडीची तंबाखू उत्तम पिकते, म्हणून गेल्या शतकात तेथे वखारी उभ्या राहिल्या आणि वखारींच्या भोवती गाव वाढले. वास्तविक विडी ही हिंदुस्थानातील दारिद्र्याची एक साखळीच आहे. तिचे पान मध्य प्रदेशाच्या आणि आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात आदिवासी वेचतो, तिची तंबाखू निपाणीचा किंवा गुजरातेतील चरोतरचा शेतकरी पिकवितो, ती वखारीत एक बाई कुटते व चाळते, ती आपल्या झोपडीत दुसरी बाई वळते, आणि शेवटी तिचा धूर घेतो तोही बहुधा हातावर पोट असणारा मजूरच. साखळीच्या प्रत्येक कडीला गरीब आहे. नफा तेवढा कड्यांच्या मधल्या जागी साठत जातो.

या साखळीतील सर्वांत मुकी कडी प्रथम निपाणीतच बोलू लागली, हे आज नव्या पिढीला सांगावे लागते. वखारीत काम करणाऱ्या बायका तंबाखूच्या खकाण्यात दिवस काढीत. कामाचे तास ठरलेले नव्हते, मजुरी मालकाच्या मर्जीवर होती, आणि अब्रूही पुष्कळदा त्याच मर्जीवर टांगलेली होती. त्यांत दलित होत्या, परित्यक्ता होत्या, सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या देवदासीही होत्या. गावाच्या वेशीवरच, परंतु महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगरला देवचंद महाविद्यालय आहे. तेथील प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने १९८० च्या सुमारास या हजारो बायका संघटित झाल्या. मजुरी वाढली, त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालकासमोर मान वर करून उभे राहता येते, हे त्यांना कळले. १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने त्यांच्यासमवेत ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा लघुपट केला. त्या लघुपटाची जुनी प्रत आता बर्लिनमधील एका चित्रपटसंस्थेने निगुतीने दुरुस्त करून जपली आहे. निपाणीच्या बायकांचा आवाज बर्लिनमध्ये सुरक्षित आहे, याचा आनंदच मानला पाहिजे. पण त्या बायकांचे काय झाले, हे विचारण्याची आठवण बर्लिनला नाही, बंगळूरला नाही आणि मुंबईलाही नाही.

त्याच निपाणीत १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखून धरला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील या आंदोलनात वखारीतल्या कामगारांचे प्रा. सुभाष जोशीही पुढे होते. मागणी अवघी एवढीच होती, की व्यापारी ठरवील तो भाव आणि तो देईल तेव्हा पैसे, ही रीत बंद व्हावी. १९७५ च्या कायद्याने गुंटूरला तंबाखू मंडळ आले होते. परंतु ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूची काळजी वाहणारे. विडीच्या तंबाखूला, म्हणजे गरिबाच्या तंबाखूला, वालीच नव्हता. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी प्राणांस मुकले. निपाणी त्यांना आजही विसरलेली नाही.

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे, की दारिद्र्य आणि विषमता यांच्याविरुद्धचे आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे श्रीमंत देशांनी गरीब देशांना घातलेली भीक, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. तो समज मुळातच चुकीचा आहे. १९१९ साली, पहिल्या महायुद्धानंतर, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना स्थापन झाली ती दयाबुद्धीतून नव्हे. एखाद्या राष्ट्राने कामगारांना माणुसकीने वागविले नाही, तर ज्या राष्ट्रांना तसे वागवावयाचे आहे त्यांच्याही वाटेत धोंड उभी राहते, हा व्यवहारी विचार तिच्या घटनेच्या प्रास्ताविकातच नमूद आहे. त्या वर्षी वॉशिंग्टनला भरलेल्या तिच्या पहिल्या परिषदेस हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते नारायण मल्हार जोशी, आपल्याच कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. किनाऱ्यावरच्या या माणसाने शंभर वर्षांपूर्वी जे ओळखले होते, ते एवढेच: कामगाराची मजुरी एका गावात वाढली आणि शेजारच्या गावात तशीच राहिली, तर काम शेजारच्या गावाला जाते, आणि वाढलेली मजुरी कागदावर राहते.

याचा पडताळा पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. विडी व सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ साली कायदा केला. केरळने तो १९६८ साली अंमलात आणताच मंगळूरच्या विडी मालकांनी कण्णूर भागातील आपले काम बंद करून ते कर्नाटकात नेले, आणि हजारो कामगार एका रात्रीत बेकार झाले. एकाच देशात, एकाच संसदेच्या कायद्याखाली, दोन राज्यांच्या सीमेचा असा उपयोग मालक करू शकतो. मग देशादेशांच्या सीमांचा उपयोग तो किती करीत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. निपाणी तर सीमेवरच वसलेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या वहीत तिची नोंद चुकली, ती अद्याप दुरुस्त झालेली नाही. तो वाद न्यायालयात आहे, आणि या पानावर त्यासंबंधी आमचे मत आम्ही झाकून ठेवलेले नाही. पण भांडवलाला सीमावाद ठाऊक नसतो. किमान वेतन बंगळूर वेगळे ठरविते आणि मुंबई वेगळे. जेथे वेतन कमी किंवा देखरेख ढिली, तेथे पानाचा गठ्ठा नेण्यास मालकाला पाच कोसांचे अंतरही फार नाही.

आता जिनिव्हाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तंबाखू नियंत्रणाचा करार मे २००३ मध्ये संमत झाला. भारताने त्यास २००४ साली मान्यता दिली आणि फेब्रुवारी २००५ पासून तो अंमलात आला. जगातील बहुतेक राष्ट्रे आज त्यात सामील आहेत. या कराराचे सतरावे कलम आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण आरोग्याच्या भाषणांत ते सहसा ऐकू येत नाही. तंबाखू कमी करावयाची तर तीवर जगणाऱ्यांना दुसरे परवडणारे साधन मिळवून देण्यास सर्व राष्ट्रांनी परस्परांच्या सहकार्याने उत्तेजन द्यावे, असे ते कलम सांगते. आणि असे साधन कोणाला द्यावयाचे, त्यांची नावेही ते घेते: तंबाखूचे कामगार, तंबाखूचे उत्पादक आणि किरकोळ विक्रेते. कामगाराचे नाव त्यात पहिले आहे.

मात्र या आज्ञेच्या मध्यभागी ‘यथोचित’ अशा अर्थाचा एक शब्द ठेवलेला आहे, आणि साऱ्या कलमाचा जीव त्या शब्दाने घेतला आहे. यथोचित म्हणजे किती, केव्हा आणि कोणाच्या पैशाने, हे कोणीच सांगितलेले नाही. वेष्टनावरील इशारे वाढले, कर वाढले, सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. ही सर्व कलमे सरकारला पैसा मिळवून देणारी किंवा निदान पैसा न मागणारी होती. सतरावे कलम तेवढे पैसा मागते. म्हणून ते मागे राहिले.

आणि जे काही झाले, ते उत्पादकाच्या बाजूने झाले. निपाणीच्या परिसरातच पाहा. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण महाराष्ट्राने बांधले आणि त्याच्या पाण्यात कर्नाटकाचाही वाटा ठरला. दोन्ही राज्ये एकमेकांवर दावे लावीत असतानाही हे पाणी वाटून घेऊ शकली, हे विसरता कामा नये. पाणी आल्यावर शहाण्या शेतकऱ्याने तंबाखूच्या जागी ऊस लावला, सोयाबीन पेरले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. ज्याला जमीन होती त्याला पाण्याने पर्याय दिला. परंतु जिच्यापाशी जमीनच नव्हती, तिच्यापर्यंत कोणता पाट पोहोचला? शेतातली तंबाखू कमी झाली तसे वखारीतले काम कमी झाले, आणि ज्या बाईने आयुष्यभर तंबाखू चाळली तिच्या हातात चाळण तेवढी राहिली. गरिबी कमी होत असताना विषमता वाढते ती अशी. सरासरीच्या आकड्यात तालुका सुधारलेला दिसतो. त्या सरासरीखाली कोण दबले, हे आकडा सांगत नाही.

विडी वळणाऱ्या बाईची स्थिती याहून अवघड आहे, कारण कायद्याला ती दिसतच नाही. ती कारखान्यात जात नाही. कारखाना पानांच्या आणि तंबाखूच्या रूपाने तिच्या घरात येतो. मांडीवर सूप, हाताशी कात्री, बाजूला पोर, आणि दिवसभर वळलेल्या हजारभर विड्यांतून ठेकेदार ‘छाट’ म्हणून किती बाजूला काढील याची धास्ती. छाट काढलेल्या विडीची मजुरी बुडते. खकाण्याचा त्रास तिला होतो, तसाच घरातल्या पोरांनाही. अशा घरबसल्या काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, यासाठी इला भट यांच्या ‘सेवा’ संस्थेने वर्षानुवर्षे जगभर खटपट केली, आणि १९९६ साली श्रमसंघटनेने त्यासाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. ज्या करारामागे एका भारतीय स्त्रीसंघटनेचा घाम आहे, त्या कराराला भारत सरकारने अद्याप मान्यता दिलेली नाही. परदेशी व्यासपीठावर भारताच्या नावाने टाळ्या घ्यावयाच्या आणि घरी आल्यावर तो कागद खणात टाकावयाचा, ही रीत आपल्या परराष्ट्रनीतीला शोभणारी नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. विडी माणसे मारते. मग तीवर जगणाऱ्यांच्या नावाने तुम्ही तिचीच वकिली तर करीत नाही ना? आमचे उत्तर स्पष्ट आहे. विडीची वकिली आम्ही करीत नाही. गोव्याने धूम्रपान व थुंकणे यांविरुद्धचा कायदा १९९७ सालीच केला, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण ज्या समाजाने धुराला आपल्या दारात येण्यास मनाई केली, त्याने तो धूर ज्या हातांनी वळला त्या हातांची विचारपूस करणे हे त्याच कर्तव्याचे दुसरे अंग आहे. औषध अर्धेच घेतले तर रोग हटत नाही.

उलट, या प्रश्नाचे उत्तर जितके दिवस लांबेल तितके दिवस विडीचेच फावेल. कर वाढवावयाचा म्हटले, इशारा मोठा छापावयाचा म्हटले, की मालकांचे शिष्टमंडळ दिल्लीला जाते आणि लाखो गरीब बायकांच्या पोटाचा प्रश्न पुढे करते. ज्या बाईची छाट काढून मजुरी कापली, तिच्याच पदराआड उभे राहून ही वकिली चालते. जागतिक संस्थाही या मोहातून सुटलेल्या नाहीत. तंबाखूच्या शेतातील बालमजुरी थांबविण्यासाठी श्रमसंघटनेने काही वर्षे तंबाखू कंपन्यांचाच पैसा घेतला, आणि जगभरच्या आरोग्यसंस्थांनी आवाज उठविल्यानंतर २०१८-१९ च्या सुमारास तो बंद केला. कसायाच्या देणगीतून पांजरपोळ चालविण्याचाच हा प्रकार होता. बाईला दुसरे काम मिळाले, की मालकाच्या हातातली ढाल आपोआप गळून पडेल. म्हणून सतरावे कलम हे आरोग्याच्या कराराला चिकटविलेले दयेचे शेपूट नव्हे. तो त्या कराराचा कणा आहे.

हे साधणे अशक्य आहे काय? तसे म्हणणाऱ्यांनी तीन ठिकाणांकडे पाहावे. केनियातील मिगोरी भागात २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना, अन्न व शेती संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम या तीन संस्थांनी त्या सरकारबरोबर एकत्र काम सुरू केले. तंबाखू सोडून लोहयुक्त घेवडा लावणाऱ्या शेतकऱ्याला बियाणे दिले, शिक्षण दिले, आणि मुख्य म्हणजे पीक विकत घेण्याची सोय लावली. तंबाखू सोडा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सोडल्यावर तुझा माल मी घेतो, असे सांगणारा विरळा. तेथे आंतरराष्ट्रीय सहकार्याने तो विरळा माणूस उभा केला. दुसरे ठिकाण कण्णूर. मालक निघून गेल्यावर तेथील कामगारांनी १९६९ साली ‘दिनेश’ ही सहकारी संस्था काढली. एके काळी तीत चाळीस हजारांवर कामगार होते. विडीचे दिवस सरत आलेले पाहून त्याच संस्थेने मसाले व खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे उद्योग सुरू केले. तिलाही उतार लागला, पण तिने कामगाराला वाऱ्यावर सोडले नाही. तिसरे ठिकाण आपले सोलापूर. केंद्र, राज्य आणि कामगार स्वतः अशा तिघांच्या वाट्याने कुंभारीला महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली ती वसली, आणि तिला नाव गोदूताई परुळेकरांचे आहे. विडीवालीच्या नावावर घर झाले म्हणजे ठेकेदाराशी बोलताना तिचा आवाज किती बदलतो, हे कोणत्याही अहवालापेक्षा तेथल्या बायकाच चांगले सांगतील.

म्हणजे मार्ग ठाऊक आहे. अडले आहे ते पैशाच्या आणि इच्छेच्या पाशी. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा शंभरातील सात दशांश हिस्सा साहाय्यासाठी द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७० साली केला. अर्धशतक उलटले, आणि मोजकी राष्ट्रे सोडता कोणीही तो पाळलेला नाही. २०१५ साली १९३ राष्ट्रांनी सतरा उद्दिष्टे ठरविली. त्यांतील पहिले दारिद्र्य नाहीसे करण्याचे, दहावे विषमता घटविण्याचे, मुदत २०३०. या वचनभंगाबद्दल आपण श्रीमंतांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणाऱ्याने आपलीही वही उघडी ठेवावी. विडीवर उपकर बसवून त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरे, अशी व्यवस्था संसदेने १९७६ साली केली होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. विडीवर कर चालूच राहिला. मात्र त्यातला वाटा कायद्याने कामगारापर्यंत नेणारी नळी तुटली. तेव्हापासून या योजना अर्थसंकल्पात दर वर्षी मिळेल त्यावर चालतात. हक्काचे होते ते मेहेरबानीचे झाले.

तेव्हा आमचे मागणे असे आहे. तंबाखूवरील कराचा एक ठरावीक भाग सतराव्या कलमासाठी, म्हणजे तंबाखूच्या हातांना दुसरे काम देण्यासाठी, कायद्याने राखून ठेवावा. त्यापूर्वी वखारीतील आणि घरोघरच्या प्रत्येक बाईची नावानिशी नोंद व्हावी, कारण जी मोजली जात नाही तिला काहीच मिळत नाही. २०१९ च्या वेतनसंहितेने देशव्यापी किमान पायाची तरतूद केली आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली आहे. तो पाया विडीच्या मजुरीला लावताना घरबसल्या काम करणाऱ्या बाईला वगळता कामा नये. अंगणवाड्यांचा आणि शाळांचा पोषण आहार निपाणी-चिकोडीच्या बायकांच्या सहकारी संस्थांकडून विकत घेतला, तर मिगोरीचा प्रयोग येथे करण्यास केनियाच्या परवानगीची गरज नाही. १७७ क्रमांकाच्या कराराला केंद्राने मान्यता द्यावी. आणि कर्नाटक व महाराष्ट्र यांनी सीमेचा दावा न्यायालयात खुशाल लढवावा. पण काळम्मावाडीच्या पाण्याप्रमाणे विडीच्या मजुरीचेही एक समान मोजमाप परस्परांत ठरवावे. पाणी वाटताना जी अक्कल सुचली, ती घाम मोजताना का सुचू नये?

दोन शेजारी राज्ये एका गावातल्या बायकांसाठी एकत्र बसू शकत नसतील, तर पावणेदोनशे राष्ट्रांच्या सह्यांकडून फार अपेक्षा करण्यात अर्थ नाही. जागतिक सहकार्याची परीक्षा जिनिव्हाच्या सभागृहात होत नसते. ती जुन्या निपाणीच्या गल्लीत होते, जेथे संध्याकाळी एक बाई विड्यांची टोपली घेऊन ठेकेदारापुढे उभी राहते आणि आज छाट किती निघणार याची वाट पाहते. त्या टोपलीऐवजी ज्या दिवशी तिच्या हातात दुसऱ्या कामाची मजुरी असेल, त्या दिवशी ३१ मे आणि १७ ऑक्टोबर हे दोन्ही दिवस साजरे करण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.